पाद्रीबाबासाठी काय न्यावं

भामाबाईला रिकामं बसता येत नसे. जेवतानासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवून बसायची, कोणी हाक मारली तर उठायला सोपं म्हणून, आणि कोणी हाक मारली नाही तरी उठायचीच. ती माझ्या पणजोबांची सख्खी काकू. आमच्या घराण्यात अंगात आळस नसलेलं कोणी निघालं, की ‘हे भामाकाकूवर गेलं’ असं अजून म्हणतात. माझ्याबद्दल असं कोणी कधी म्हटलेलं नाही.

पण तिचा मुलगा खुशाल गेल्यानंतरची तिची घालमेल निराळी होती. सारवलेली भिंत ती पुन्हा सारवायची. विहिरीवर जायची आणि घागर न भरताच परत यायची. शेजारणी म्हणायच्या, दुःखानं बाई खुळावली. दुःख तर होतंच. पण दुःखाला निदान एका जागी बसून रडता येतं. भामाबाईला रडायला बसता येत नव्हतं, कारण आपल्या पोराला अग्नी मिळाला की नाही, हेच तिला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. कापसाच्या तेजीची ती वर्षं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांना असा भाव आला की बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावातही लोकांना काय करू आणि काय नको होऊन गेलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. ज्यांनी जन्मात जोडे घातले नव्हते, ते करकरीत जोडे हातात धरून बाजारात मिरवायचे, कारण पायात घातले की चावायचे. भामाबाईचा मुलगा खुशाल आणि शेजारचा पंजाबराव बंड्या भरून कापूस खामगावला घेऊन गेले. परत येताना अकोल्याजवळ रेल्वेच्या सडकेवर खडी वाहायचं काम मिळालं, म्हणून दोघं तिथंच थांबले. त्या मजुरांच्या तळावर पटकीची साथ आली. खुशाल पहिल्याच झपाट्यात आडवा झाला. पंजाबरावाने त्याला तिथल्या गोऱ्या पाद्र्याच्या झोपडीत नेऊन टाकलं आणि दोन्ही बंड्या, चारही बैल घेऊन गाव गाठलं. बैलांना त्याने वाटेत वेळेवर पाणी पाजलं होतं, असं तो आवर्जून सांगायचा. माझा त्याच्यावर अजून राग आहे.

पुढे तळावरून आलेल्या कोणीतरी सांगितलं की खुशाल गेला, पाद्र्याने शेवटपर्यंत त्याची सेवा केली. बस, एवढंच. घरात त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. क्रिया बापानेच करायची. अमरावतीहून चिंतामणभट जोशी आले आणि त्यांनी पेच सांगितला. देहाला अग्नी मिळाला नसेल, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागतो, त्याशिवाय पुढची वाट नाही. आणि मिळाला असेल, तर तो पुतळा जाळायचा नाही, एका माणसाला दोनदा जाळल्याचा दोष येतो.

“आधी विचारून घ्या,” जोशीबुवा म्हणाले आणि निघून गेले.

विचारायचं कोणाला? तर पाद्र्याला. रेल्वेची सडक पुढे सरकत सरकत बडनेऱ्यापर्यंत आली, तसा मजुरांचा तळही आला आणि तळाबरोबर पाद्रीही. फ्रान्सकडच्या कुठल्याशा डोंगरातला माणूस, लाल दाढीचा, उन्हाने सोललेल्या नाकाचा. त्याचं नाव बेनोआ. ते कोणालाच उच्चारता येईना, म्हणून तो सगळ्यांचा पाद्रीबाबा. कामठीला राहून पुस्तकावरून मराठी शिकला होता, त्यामुळे गाढवाला हाकलतानाही ‘आपण बाजूला व्हावे’ म्हणायचा.

“तुमी जा अन् विचारा,” भामाबाई नवऱ्याला म्हणाली.

किसनरावांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. “काय तोंडानं विचारू? आपल्या पोट्ट्याची घाण काढली त्या माणसानं. त्याले जाऊन जाब मागू काय, का बाबा मढ्याचं काय केलं?”

त्यांचंही खरं होतं. मग भामाबाईनेच ठरवलं, आपण जायचं. पण उपकार केलेल्या माणसाकडे हात हलवत जाऊन असला प्रश्न टाकायचा नसतो. आधी त्याचा मान करायचा, त्याने तो घेतला की मग बोलायचं. तेव्हा पाद्रीबाबासाठी काय न्यावं, हा विचार तिच्या डोक्यात शिरला आणि दळताना, कांडताना तोच फिरू लागला.

पहिल्या खेपेला तिने रीतीप्रमाणे जोडीचा आहेर नेला. त्याला शेला-पागोटं आणि त्याच्या बायकोला हिरवं लुगडं, खणाची चोळी. एवढा दाढीवाला, वयाचा पुरुष; बायको असणारच. माहेरी गेली असेल तर येईल. पाद्रीबाबाचं सोललेलं नाक आणखी लाल झालं.

“बाई, माझ्या घरी स्त्री नाही. कधीच नव्हती. आम्हांस विवाह करण्याची अनुज्ञा नाही.”

भामाबाईला त्याची इतकी कीव आली की विचारायचं राहूनच गेलं. आठ दिवसांनी तिने बडनेऱ्याच्या बाजारात पाहिलं, तर खडी फोडणारी एक बाई तिचं हिरवं लुगडं नेसून मिरच्यांचा भाव करत होती. शेल्याची कोणाच्या तरी पोराची झोळी झाली होती. भामाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“घेतला अन् वाटून देला!” ती घरी येऊन किसनरावांवर कडाडली. “म्हणजे घेतलाच नाही. काहून घेत नसन? त्याच्या मनात काही आहे. काही वंगाळ केलं असन माह्या पोराचं, म्हणून आपलं घेत नाही तो.”

“अवो, त्याच्याजवळ काहीच टिकत नाही म्हणतात.”

“तुमाले काय समजते!”

आमच्याकडे कोणी आपल्या हातचं घेत नसेल, तर त्याच्या मनात गाठ आहे असंच समजतात, तेव्हा तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हा संशय तिच्या पोटात गेला आणि तिला धड झोप लागेना. आता तर असं काही न्यायला हवं होतं, की जे त्याने ठेवून घ्यावं.

तळावरच्या बायकांकडून तिने माहिती काढली. पाद्रीबाबा दर शुक्रवारी उपास करतो. आता हे तिच्या ओळखीचं होतं. त्या शुक्रवारी पहाटेच उठून तिने भगर शिजवली, दाण्याची आमटी केली, राजगिऱ्याचे लाडू वळले, आणि सगळं पितळी डब्यात भरून ऊन व्हायच्या आत बडनेरा गाठलं. पाद्रीबाबा झोपडीसमोर बसून जेवत होता. भामाबाईने वाकून पाहिलं. ताटलीत मासा होता, डोळ्यांसकट.

“तुमाले उपास आहे ना आज?”

“आहे, बाई. शुक्रवारी मांस वर्ज्य.”

“अन् हे काय आहे?”

“हा तर मासा,” पाद्रीबाबा निरागसपणे म्हणाला.

“मासा काय झाडाले लागते?”

पाद्रीबाबाने ताटली बाजूला सारली. त्याने लाडू मात्र आवडीने खाल्ले, उरलेले तिच्यादेखतच पोरांना वाटले, आणि भामाबाई प्रश्न पोटात घेऊन पुन्हा घरी आली. रस्त्याने सगळा वेळ ती स्वतःशीच बोलत होती. असल्या माणसाचं काय खरं? उपासाला मासा खाणारा माणूस मेलेल्याचं काय करत असेल?

मध्ये पंजाबरावानेही एक शहाणपणा केला. पाद्र्याच्या देवाला दारू लागते, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्याच्याही मनाला टोचणी असणारच. तो मोहाची दारू मडक्यात घेऊन निघाला आणि तळावर पोचेपर्यंत अर्धं मडकं त्यानेच रिकामं केलं. पाद्रीबाबाने उरलेलं मडकं परत दिलं आणि त्याला सावलीत निजवलं. उठल्यावर पंजाबराव ढसाढसा रडला म्हणतात. रडू दे.

भामाबाई जात राहिली. कधी वांगी, कधी तूप, कधी नुसतीच. दर खेपेला झोपडीपाशी पोचलं की जीभ रेटेना. विचारायचं तर होतंच. पण ‘नाही मिळाला अग्नी’ असं तो म्हणाला तर? न विचारता आलं की अजून काही बिघडलेलं नसायचं. घरी आलं की वाटायचं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. अशी ती दोन्हीकडून जळत होती.

एकदा ती गेली तेव्हा पाद्रीबाबा कोणा आजाऱ्याकडे गेला होता. झोपडीला लागून त्याने कुडाचं एक देऊळ उभारलं होतं. दार उघडंच होतं. भामाबाई उंबऱ्याशी थांबली आणि तिने आत पाहिलं. लाकडाचा क्रूस, पांढरं फडकं, आणि समोर टांगलेल्या लाल काचेत तेलाचा एक दिवा. दिवसाढवळ्या दिवा! कोणी नसताना! म्हणजे अखंड दिवा. नंदादीप. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण वात मात्र बघवत नव्हती. कुठल्याशा चिंधीचा पिळा करून घातलेला, तडतडत होता, काच काळी करत होता. देवासमोर असली वात! भामाबाईने बाहेरच थांबून पदराने हात पुसले, इकडेतिकडे पाहिलं, आत गेली, काजळी झाडली आणि बाहेर आली.

घरी येऊन तिने कोठीतला निवडक कापूस काढला. आमच्या विहिरीजवळच्या वावरातला, पहिल्या वेचणीचा, दुधासारखा. तो व्यापाऱ्याला दाखवायला राखून ठेवलेला होता.

“अवो, ह्या भावाच्या कापसाच्या वाती करून राहिली काय?” किसनराव म्हणाले.

तिने नुसतं वर पाहिलं. किसनराव वावरात निघून गेले.

ती सरकी हाताने काढायची, कापूस पिंजायची आणि तळहातावर थुंकी न लावता, नुसतं भस्म लावलेल्या बोटांनी वात वळायची. खुशाल गेल्यापासून पहिल्यांदा ती एका जागी बसलेली लोकांनी पाहिली. हात चालू होते, पण बूड टेकलेलं होतं.

टोपलीभर वाती घेऊन ती गेली, तेव्हा पाद्रीबाबा देवळातच होता. त्याने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. एक वात उचलून उजेडाकडे धरली. मग काही न बोलता काच उतरवली, जुना पिळा काढला, नवी वात तेलात भिजवून लावली. ज्योत सरळ उभी राहिली. तो बराच वेळ ज्योतीकडे बघत राहिला आणि मग टोपली आत नेऊन, जिथे त्याचं पूजेचं पुस्तक ठेवलेलं असायचं, त्या पेटीत वाती नीट रचून ठेवल्या.

“या मी कोणास देणार नाही,” तो म्हणाला.

घेतलं. ठेवलं. आता मागे फिरायला जागा उरली नाही. भामाबाई उंबऱ्यावरच बसली.

“पाद्रीबाबा, माहा खुशाल. त्याचं... मांगून तुमी काय केलं त्याचं?”

आणि पाद्रीबाबाचा चेहरा उजळला. होय, उजळला. त्याला वाटलं होतं, ही बाई कधी विचारणारच नाही; आणि न विचारता आपली बढाई कशी सांगायची? तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि घाईघाईने सांगू लागला. इतकी माणसं मरत होती की सगळ्यांना एकाच खड्ड्यात लोटून वर चुना टाकत होते. पण खुशालला त्याने त्या खड्ड्यात जाऊ दिलं नाही. शेवटी तो शुद्धीवर होता, आईचं नाव घेत होता, बैलांना पाणी दाखवा म्हणत होता. आपल्या बिछान्यावरच्या चादरीत त्याला गुंडाळलं, तळापासून दूर, कडुलिंबाखाली, खडकाळ जमिनीत स्वतः खोदलं. कुदळीने हात फुटले. पुरुषभर लांबीची स्वतंत्र जागा केली. वर क्रूस लावला, प्रार्थना म्हटली.

“एकट्यास पुरले, बाई. राजासारखे.”

भामाबाई त्याच्याकडे बघत राहिली. गावात पुष्कळ घरी मेलेल्याला पुरायची चाल होती, पण आमच्या घराण्यात नव्हती. आमच्यात पुरतात ते फक्त दात न आलेल्या लेकरांना. भामाबाईने तशी दोन लेकरं स्वतःच्या हाताने मातीत ठेवली होती. खुशाल त्यांच्या पाठचा.

“पुरलं?” ती म्हणाली. “त्याले मिशा होत्या, पाद्रीबाबा. माह्या पोराले मिशा होत्या! दात न आलेल्या लेकरावानी मातीत घातलं तुमी त्याले?”

पाद्रीबाबाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. सगळं त्याच्या ध्यानात हळूहळू आलं. कामठीला नदीकाठी जळणाऱ्या चिता त्याने पाहिल्या होत्या. पण तो पटकीने घेरलेला तळ, कुजणारी प्रेतं, आणि हातात एक मेलेला तरुण. त्या घटकेला त्याला सुचलं ते त्याच्या डोंगरातलं, त्याच्या आईबापांचं सुचलं. जाळणं त्याच्या लोकांत भयंकर मानत.

“माझ्याजवळ सर्वांत चांगले जे होते, ते मी त्यास दिले,” तो कसाबसा म्हणाला.

भामाबाई उठली आणि चालू लागली. रिकामी टोपली तिने तिथंच टाकली.

त्या रात्री तिने चूल पेटवली नाही. पाद्र्याला, रेल्वेला, पंजाबरावाला, कापसाच्या भावाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. पण शिव्या देता देता तिचं तिलाच अडखळायला होई. जोडीचा आहेर घेऊन आपण गेलो होतो, तेव्हा त्या ब्रह्मचाऱ्याला कसं वाटलं असेल? मग पुन्हा राग येई. सकाळी ती किसनरावांना म्हणाली, “बंडी जुंपा. अकोल्याले जाऊ. जोशीबुवालेही घ्या. जे करायचं ते तिथंच करू, त्याच्याजवळ.”

“जागा कोण दाखवन?”

ती बैल सोडायला उठली. “बडनेऱ्यावरून जाऊ. त्या पाद्र्यालेही बसवा.”

बंडी निघाली. जोशीबुवा सोवळं सांभाळत बंडीच्या एका टोकाला, पाद्रीबाबा दुसऱ्या टोकाला पाय लोंबकळत सोडून, आणि मध्ये पळसाच्या पानांचा भारा. भामाबाई निम्मी वाट पायीच चालली. बंडीत तिला बसवेना.

कडुलिंब लहानसा होता. त्याखालची माती अजून उंच होती, क्रूस उन्हाने चिरलेला. भामाबाई वाकली. त्या खडकाळ जमिनीला हात लावून पाहिला, टाचेने दाबून पाहिली. बाभळीची मुळं, दगड, मुरूम. कुदळ बसत नाही अशी जागा. जन्मभर मातीत काम केलेल्या बाईला ती जमीन खोदायला एका माणसाला काय लागलं असेल, हे कळत होतं. मग ती जमिनीवर आडवी पडली, मातीला कवटाळून, आणि पहिल्यांदा पोटभर रडली. किसनराव तोंड फिरवून उभे राहिले.

पुढचं सगळं मोर्णा नदीच्या काठी झालं. जोशीबुवांनी पळसाच्या पानांचा माणूस रचला. किसनरावांनी अग्नी दिला. पाद्रीबाबा दूर, टोपी छातीशी धरून, सगळं जळून जाईपर्यंत उन्हात उभा होता. त्याने काही म्हटलं असेल तर ओठांतल्या ओठांत.

राख नदीत गेल्यावर भामाबाई हातपाय धुऊन सरळ त्याच्यापाशी आली.

“तुमची माय आहे काय, पाद्रीबाबा?”

“आहे. फार वृद्ध. मी निघालो तेव्हा दारात उभी होती.”

“तुमी परत जासान तिच्याकडं?”

“नाही. आमच्यापैकी कोणी परत जात नाही.”

“मंग मरान कोठी?”

आमच्याकडे असं तोंडावर विचारतात. पुण्याकडच्यांना ते झोंबतं. पाद्रीबाबाला झोंबलं नाही. “इथेच. कोणत्या गावात, ते देव जाणे.”

“आमच्या गावात मेले, अन् जवळ तुमचं कोणी नसलं, तं काय होइन सांगू? आमचे लोक वाईट नाही. तुमी लय केलं लोकायचं. चंदन आणतीन, तुपानं न्हाऊ घालतीन अन् जाळतीन तुमाले. मोठा मान करून राहिलो असं समजून.”

पाद्रीबाबाने मागे त्या जळून काळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं. इतकी वर्षं पटकीत, तापात, उन्हात फिरलेला माणूस. पण ही भीती त्याने कोणालाही सांगितली नव्हती.

“मी नाही जाळू देणार,” भामाबाई म्हणाली. “मी जिवंत असली तं मी, नाही तं माह्या घरचे. खोल खड्डा करू. एकट्याचा. वरतं तुमचं ते लाकूड लावू. मायले कळवा तसं.”

पाद्रीबाबाने मान हलवली. खाली बसून त्याने टोपी तोंडासमोर धरली आणि त्याचे खांदे हलू लागले. भामाबाई तशीच उभी राहिली. इकडे बैल जुंपून किसनराव आले; भामाबाईचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. पाद्रीबाबा डोळे पुसत उठला आणि त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

“किसनराव,” तो म्हणाला, “आपणही तसे सांगा.”

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं, आणि त्याचा हात हातात घेऊन तेही म्हणाले, “पुरू, बाबा. नाही जाळू देणार.”